रंगीत फिल्मची रास्त चाचणी कशी घ्यावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी रंगीत फिल्म वापरून पाहिली की तिच्याबद्दल लिहावंसं वाटतं, आणि लिहावंही. पण ते वाचून कुणीतरी ती फिल्म विकत घेतं आणि पुन्हा न घडणारे प्रसंग तिच्यावर टिपतं. आपण जे लिहितोय ते खरोखर त्या फिल्मबद्दलच आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी म्हणून लिहिणाऱ्यावर येते. चाचणी घेऊ पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं खाली दिली आहेत.

फिल्मची चाचणी घेतो तेव्हा आपण नक्की काय तपासत असतो?

समोर येणारा फोटो एकट्या फिल्मचा कधीच नसतो. प्रकाश, लेन्स, शटर, फिल्म, डेव्हलपर, स्कॅनर किंवा एन्लार्जर, स्क्रीन आणि शेवटी पाहणाऱ्याची नजर अशी ती साखळी आहे, आणि तिची प्रत्येक कडी रंगात आपला हात घालते. फिल्म तेवढी बदलली आणि बाकी सगळं जागच्या जागी ठेवलं, तर दिसणारा फरक फिल्मचा असतो. दोन कड्या एकदम बदलल्या की फरक कुणामुळे पडला हे सांगायला मार्गच उरत नाही. एका फिल्मचे फोटो पावसाळी दुपारी काढले, दुसरीचे हिवाळ्याच्या सकाळी. एक रोल या लॅबमध्ये धुतला, दुसरा त्या लॅबमध्ये. मग पहिली 'थंड' आणि दुसरी 'उबदार' ठरवली. अशी तुलना कितीही मन लावून लिहिली तरी ती फिल्मबद्दल काहीच सांगत नाही. पुढची बहुतेक उत्तरं या एकाच गोष्टीतून निघतात.

एका रोलवरून मत देता येतं का?

पहिली छाप सांगता येते. 'ही पहिली छाप आहे' असं स्पष्ट लिहिलं तर त्यात गैर काही नाही. परीक्षण म्हणायचं असेल तर मात्र निदान तीन रोल लागतात: एक ठरावीक प्रकाशात रंगतक्ता आणि चेहऱ्यांसाठी, एक कमी-जास्त एक्स्पोजरसाठी आणि एक नेहमीसारखे फोटो काढत फिरण्यासाठी. जमलं तर ते दोन वेगवेगळ्या बॅचचे घ्यावेत. खोक्यावर इमल्शन क्रमांक (बॅचचा क्रमांक) छापलेला असतो, तो टिपून ठेवा. बॅचबॅचमध्ये थोडा फरक असतोच. थंड जागी ठेवलेला रोल आणि उकाड्यात पडून राहिलेला रोल यांच्यात त्याहून जास्त असतो.

फ्रिजमधून काढलेला रोल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे साधारण तास-दीड तास, डबी उघडू नका. फिल्मवर बाष्प धरतं. तुलनेतले सगळे रोल एक्स्पोज झाल्यावर एकाच दिवशी धुवा, कारण न धुतलेल्या फिल्मवरची सुप्त प्रतिमा हळूहळू बदलत राहते. आणि चाचणीचा रोल विमानतळावरच्या सीटी स्कॅनरमधून जाऊ देऊ नका.

तुलनेसाठी दुसरी फिल्म हवीच का?

हवीच. शेजारी ओळखीची फिल्म नसेल तर चाचणी घेऊच नये, इतकं मला हे महत्त्वाचं वाटतं. नव्या फिल्मच्या सावल्या हिरवट आल्या आणि त्याच दिवशी, त्याच टाकीत धुतलेल्या ओळखीच्या फिल्मच्याही हिरवट आल्या, तर दोष बहुधा धुण्यात आहे. ओळखीची फिल्म नीट आली आणि नवीच हिरवट आली, तर आता फिल्मकडे बोट दाखवता येईल. ही तुलनेची फिल्म ताजी, सहज मिळणारी, त्याच जातीची (निगेटिव्ह किंवा स्लाइड) आणि जवळपास त्याच वेगाची, म्हणजे प्रकाशाला तितकीच संवेदनशील असावी. निगेटिव्हसाठी कोडॅक पोर्ट्रा ४०० किंवा गोल्ड २००, स्लाइडसाठी, म्हणजे थेट सरळ रंगांचं चित्र देणाऱ्या फिल्मसाठी, एक्टाक्रोम ई१०० किंवा फुजीची प्रोव्हिया १००एफ चालेल. एकदा निवडली की दर चाचणीला तीच ठेवा, म्हणजे या वर्षीची चाचणी पुढच्या वर्षीच्या चाचणीशेजारी ठेवून वाचता येते.

कॅमेरा आणि लेन्स कोणती वापरावी?

कॅमेऱ्याच्या नावाला महत्त्व नाही, शटरच्या अचूकपणाला आहे. जुन्या यांत्रिक शटरचे वेगवान आकडे बरेचदा छापलेल्या आकड्यापेक्षा हळू चालतात. निगेटिव्हवर ते खपून जातं, स्लाइडवर एका स्टॉपचा (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या पायरीचा) तिसरा हिस्साही दिसतो. म्हणून शटर तपासून घ्या आणि चाचणी मधल्या वेगांवर, साधारण १/८ ते १/२५० सेकंदात ठेवा.

लेन्स सगळ्या फिल्मना एकच. काचेची आणि तिच्यावरच्या थरांची स्वतःची रंगछटा असते. थोरियमयुक्त काच असलेल्या काही जुन्या लेन्स तर वर्षांनुवर्षांत पिवळ्या पडलेल्या असतात. ॲपर्चर एफ/८ च्या आसपास कायम ठेवा, ट्रायपॉड हलवू नका. मागची फिल्मची पेटी बदलता येते असा मीडियम फॉरमॅट कॅमेरा मिळाला तर उत्तम: तीच लेन्स, तेच शटर आणि अर्ध्या मिनिटात दुसरी फिल्म.

प्रकाश कसा असावा?

पायाभूत चाचणीसाठी स्टुडिओ फ्लॅश सगळ्यात भरवशाचा. डेलाइट फिल्म साधारण ५५०० केल्विनच्या प्रकाशासाठी बनवलेली असते आणि चांगला फ्लॅश त्याच्या जवळ असतो. शिवाय सकाळी आणि संध्याकाळी तो सारखाच असतो. तो नसेल तर निरभ्र आकाश आणि दुपारच्या आसपासचं ऊन घ्या. झाडाखाली किंवा रंगवलेल्या भिंतीजवळ उभं राहू नका, त्यांचा रंग परावर्तित होऊन थेट चेहऱ्यावर येतो.

उन्हात काम करताना एक साधी युक्ती वापरा. आधी ओळखीची फिल्म, मग नवी, मग पुन्हा ओळखीची. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेम जुळल्या, तर मधल्या वेळात प्रकाश बदलला नाही असं धरता येतं. जुळल्या नाहीत तर ती सगळी मालिका बाजूला ठेवून पुन्हा करावी. ऊन कितीही स्थिर वाटलं तरी ही पायरी गाळू नका, कारण डोळा बदलत्या प्रकाशाशी इतक्या सहज जुळवून घेतो की फरक पडल्याचं आपल्याला कळतही नाही.

एलईडी आणि ट्यूबलाइट पायाभूत चाचणीत नकोत. डोळ्याला सारखेच पांढरे दिसणारे दोन एलईडी फिल्मवर वेगवेगळी झाक देऊ शकतात, कारण त्यांच्या वर्णपटात चढउतार असतात आणि फिल्मचे तीन थर ते डोळ्यासारखे वाचत नाहीत. पायाभूत चाचणी झाल्यावर मात्र अशा दिव्यांखाली जरूर फोटो काढा. लोक फिल्म तिथेही वापरणारच आहेत. तो भाग परीक्षणात वेगळा दाखवा, म्हणजे झालं.

रंगतक्ता घ्यावा की खरी माणसं आणि वस्तू?

दोन्ही, आणि दोन्ही एकाच फ्रेममध्ये असतील तर फारच छान. १९७६ पासून वापरात असलेल्या कलरचेकर तक्त्यावर २४ चौकटी आहेत: खालच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा उदासीन, म्हणजे कुठल्याच रंगाची झाक नसलेल्या पायऱ्या, आणि वर गडद त्वचा, फिकट त्वचा, आकाश, पानं, निळं फूल अशा नेहमी लागणाऱ्या रंगांच्या चौकटी. उदासीन ओळ सगळ्यात मोलाची. फिल्मचा तोल कुठे ढळतो ते तिथे लगेच दिसतं.

पण तक्त्यावरचा रंग हा छापील रंग असतो. खऱ्या वस्तू फिल्मसमोर वेगळ्या वागतात. अजेरेटमची निळी फुलं याचं जुनं, प्रसिद्ध उदाहरण आहे. अशी काही निळी फुलं लाल आणि अवरक्ताच्या सीमेवरचा प्रकाश भरपूर परावर्तित करतात. डोळा तिथे जवळजवळ आंधळा असतो, फिल्मचा लाल थर मात्र तो टिपतो, आणि निळं फूल फोटोत गुलाबीसर येतं. नव्या पांढऱ्या कपड्यांतली चमक आणणारी रसायनं अतिनील किरणांनी निळसर उजळतात, म्हणून तो पांढरा फिल्मवर किंचित निळा उतरतो. तक्त्यावर यातलं काहीच दिसणार नाही. रंगीत सुती आणि कृत्रिम कापड, ताजी पानं, फुलं, लाकूड, धातू अशा वस्तू नेहमीच्या ठेवा आणि त्यांतल्या टिकणाऱ्या वस्तू दर चाचणीत त्याच वापरा.

चेहऱ्यांबद्दल मला जरा आग्रहानं सांगायचं आहे. अनेक दशकं लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवण्यासाठी जी 'शर्ली कार्डं' वापरली जात, त्यांच्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची त्वचा बरोबर दिसली की रंग बरोबर, असं मानलं जाई. सावळ्या आणि काळ्या त्वचेची बारीक छटा त्या मापात बसलीच नाही, चेहरे काळवंडत गेले. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचं एकत्र संदर्भकार्ड कोडॅकनं काढलं ते १९९० च्या दशकात. ही चूक आपल्या चाचणीत पुन्हा घडू देण्याचं काही कारण नाही. निदान तीन वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे एकाच प्रकाशात, शक्यतो एकाच फ्रेममध्ये घ्या. गडद त्वचेच्या सावल्यांमध्ये तपशील राहतो का, कपाळावरची चमक पिवळी पडते की गुलाबी, ओठ आणि गाल वेगळे दिसतात का, हे पाहा. 'स्किन टोन सुंदर' असं एका गोऱ्या चेहऱ्यावरून लिहिलेलं परीक्षण वाचकांच्या मोठ्या भागाला काहीच सांगत नाही.

खोक्यावरच्या आयएसओवरच एक्स्पोज करावं का?

सुरुवात तिथूनच करा. तो आकडा म्हणजे फिल्मचा वेग. निगेटिव्हचा वेग आयएसओ ५८०० आणि स्लाइडचा आयएसओ २२४० या मानकानुसार मोजतात. अनेकजण निगेटिव्हला सवयीनं एक स्टॉप जास्त प्रकाश देतात आणि मग आलेल्या मऊ रंगांचं श्रेय फिल्मला देतात. तसं देऊ नये असं नाही, पण परीक्षणात ते लिहायला हवं.

त्यानंतर क्रमवार एक्स्पोजर घ्या. निगेटिव्हवर तीन स्टॉप कमीपासून चार स्टॉप जास्तपर्यंत, पूर्ण स्टॉपच्या पायऱ्यांनी. स्लाइडवर दीड स्टॉप कमी ते दीड स्टॉप जास्त, अर्ध्या किंवा तृतीयांश स्टॉपनं. मोजमाप वस्तूवर पडणाऱ्या प्रकाशाचं घ्या. कॅमेऱ्यातलं मीटर काळ्या-पांढऱ्या भागांनी फसतं. पाहताना प्रत्येक फ्रेमचा मधला करडा सारख्या उजळपणावर आणा आणि मगच पाहा की सावल्यांतला तपशील कुठे संपतो, त्वचेचा रंग कुठे बिघडतो. 'लॅटिट्यूड भरपूर', म्हणजे कमी-जास्त एक्स्पोजर चालतं, एवढ्यावर थांबू नका. 'दोन स्टॉप कमीवर सावल्या चिखलासारख्या, तीन स्टॉप जास्तवर त्वचा अजून शाबूत' असं लिहा. त्यावर वाचकाला ठरवता येतं.

घरी धुवावं की लॅबमध्ये?

जिथे प्रक्रिया स्थिर असेल तिथे. सी-४१ या रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेचा डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसला ३ मिनिटं १५ सेकंद चालतो आणि तापमानात पाव अंशाची चूकही मानकाला चालत नाही. ई-६ या स्लाइडच्या प्रक्रियेत पहिला डेव्हलपर ३८ अंशांना ६ मिनिटं. तिथली चूक थेट स्लाइडच्या घनतेत, म्हणजे ती किती गडद येते त्यात, उतरते. चांगली लॅब आधीच एक्स्पोज केलेल्या कंट्रोल स्ट्रिप नियमित धुऊन घनता मोजणाऱ्या डेन्सिटोमीटरवर तपासते. तसं तुमची लॅब करते का, हे बिनधास्त विचारा. घरच्या किटमध्ये ब्लीच आणि फिक्सर एकत्र असतील आणि ते थकलेले असतील, तर थोडी चांदी फिल्ममध्येच राहते आणि रंग मळकट येतात. ते पाहून फिल्मला 'फिकट रंगांची' ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

घरीच धुणार असाल तर नवी आणि ओळखीची फिल्म एकाच टाकीत, एकाच वेळी धुवा.

स्कॅन लॅबनं दिलेत. तेच वापरले तर चालेल का?

इथेच बहुतेक परीक्षणं वाया जातात, म्हणून हे उत्तर लांबणार.

नोरित्सु किंवा फुजी फ्रंटियर यांसारखी मिनिलॅबची यंत्रं प्रत्येक फ्रेम स्वतंत्र तपासून तिचा उजळपणा आणि रंग आपोआप दुरुस्त करतात. त्यावर चालवणारा माणूस आपल्या आवडीनं आणखी बटणं दाबतो. ग्राहकाला छान प्रिंट मिळावी म्हणूनच ती यंत्रं बनवलेली आहेत आणि ते काम ती उत्तम करतात. पण चाचणीत आपल्याला नेमके तेच फरक पाहायचे असतात, जे ती पुसून टाकतात. हिरव्या झाडांनी भरलेली फ्रेम मॅजेंटाकडे (जांभळट गुलाबीकडे) ढकलली जाते, कमी प्रकाशातली उचलली जाते. दोन फिल्म सारख्याच दिसतात. किंवा एकच फिल्म दोन लॅबमधून इतकी वेगळी येते की ती एकच आहे यावर विश्वास बसत नाही. हरमन कंपनीची फिनिक्स २०० ही निगेटिव्ह फिल्म डिसेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा हे ठळकपणे दिसलं. तिला रंगीत निगेटिव्हच्या कोऱ्या भागावर दिसणारा नेहमीचा नारिंगी मास्क नाही, त्यामुळे तो गृहीत धरणारी यंत्रं गोंधळली.

हा नारिंगी मास्क म्हणजे वरून दिलेला रंग नव्हे. मॅजेंटा आणि सायन (हिरवट निळी) रंगद्रव्यं शुद्ध नसतात. ती नको तो प्रकाशही थोडा शोषतात. त्याची भरपाई करण्यासाठी फिल्ममध्ये रंगीत कप्लर (रंगद्रव्य तयार करणारी रसायनं) घातलेले असतात, आणि जिथे रंगद्रव्य तयार होत नाही तिथे ते उरतात. प्रत्येक फिल्मचा मास्क थोडा वेगळा असतो. म्हणून एका फिल्मसाठी जुळवलेले, निगेटिव्हचे रंग उलटवून सरळ करण्याचे आकडे दुसरीला जसेच्या तसे लावणं हेही रास्त नाही.

मी सुचवीन ती पद्धत अशी. डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि चांगल्या दर्जाची प्रकाशपेटी घ्या. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, सगळं हातानं ठरवून कुलूपबंद करा, रॉ (कॅमेऱ्यानं न बदललेली) फाइल काढा. प्रत्येक फिल्मचा कोरा, न एक्स्पोज झालेला भागही टिपा आणि उलटवताना ज्याच्या त्याच्या कोऱ्या भागाचा रंग वजा करा. मग खोक्यावरच्या आयएसओला काढलेल्या फ्रेममधली मधली करडी चौकट उदासीन करा आणि त्या फिल्मच्या उरलेल्या सगळ्या फ्रेमना तीच दुरुस्ती लावा. कॉन्ट्रास्टचा वक्र सगळ्या फिल्मना एकच. यानंतर फ्रेमवार हात लावायचा नाही. एक्स्पोजरची मालिका पाहताना उजळपणा जुळवाल तेवढीच सूट.

एखादी फिल्म मुद्दाम उबदार बनवली असेल आणि आपण करडा उदासीन केला, तर तिचा स्वभावच पुसला जात नाही का, असं कुणी विचारतं. माझं मत असं की निगेटिव्ह ही पूर्ण झालेली वस्तूच नाही. छापताना फिल्टरनं तोल साधायचा, हे धरूनच ती बनते. सरसकट झाक कुणीही एका मिनिटात काढू किंवा घालू शकतो. करडा जुळल्यावरही जे उरतं, म्हणजे रंगांचा गडदपणा, लाल केशरीकडे झुकतो की गुलाबीकडे, सावल्या आणि उजळ भागांचं वागणं, तोच फिल्मचा खरा स्वभाव. डार्करूम उपलब्ध असेल तर आरए-४ या रंगीत प्रिंटच्या कागदावर, करडा फिल्टरनं जुळवून, प्रिंट काढा. निगेटिव्हची याहून प्रामाणिक परीक्षा मला माहीत नाही.

स्लाइडला हे लागू नाही. ती स्वतःच अंतिम चित्र आहे. तिचा करडा उदासीन करू नका. ५००० केल्विनच्या प्रकाशपेटीवर स्लाइड ठेवा आणि स्कॅन तिच्यासारखा दिसेपर्यंत जुळवा.

क्रॉसओव्हर म्हणजे काय, आणि तो इतका महत्त्वाचा का?

फिल्मचे निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला संवेदनशील असे थर असतात. प्रकाश किती दिला आणि घनता किती आली याचा वक्र काढायची रीत हर्टर आणि ड्रिफील्ड या संशोधकांनी १८९० मध्ये मांडली. रंगीत फिल्मला असे तीन वक्र असतात. ते शेजारी शेजारी समांतर चालले तर कुठलीही झाक एका फिल्टरनं जाते. एकमेकांना छेदले तर सावल्या हिरव्या आणि उजळ भाग मॅजेंटा, असं काहीतरी होतं. हाच क्रॉसओव्हर. एक दुरुस्त करायला गेलं की दुसरं बिघडतं. फिल्मच्या दर्जाची ही मोठी कसोटी आहे, म्हणून सहा उदासीन चौकटी वरपासून खालपर्यंत नीट पाहा. मात्र जुनी फिल्म, चुकलेलं तापमान, पुश (मुद्दाम जास्त वेळ धुणं), लांब एक्स्पोजर यांनीही क्रॉसओव्हर येतो. ओळखीच्या फिल्मवर तो नाही ना, हे आधी पाहा.

ग्रेनची तुलना कशी करावी?

ग्रेन म्हणजे फोटोत दिसणारे बारीक दाणे. माहितीपत्रकातले आकडे उपयोगी आहेत, पण जातीजातीत मिसळू नका. फुजीच्या स्लाइड फिल्मना आरएमएस ग्रॅन्युलॅरिटी (दाणेदारपणाचं यंत्रानं घेतलेलं माप) दिलेली असते: प्रोव्हिया १००एफला ८, व्हेल्व्हिया ५० ला ९. हे ४८ मायक्रोमीटरच्या छिद्रातून, ठरावीक घनतेवर मोजलेले आकडे आहेत. कोडॅक निगेटिव्हसाठी प्रिंट ग्रेन इंडेक्स देतं. तो प्रिंटकडे पाहणाऱ्या माणसांच्या नजरेवर आधारलेला आहे: २५ म्हणजे ग्रेन जेमतेम दिसू लागण्याची सीमा, आणि ४ अंकांचा फरक बहुतेकांना जाणवतो. या दोन मापांचं एकमेकांत रूपांतर होत नाही.

स्वतः तुलना करताना सारख्याच मोठेपणाचा, सारख्याच घनतेचा करडा तुकडा पाहा. कमी प्रकाश मिळालेल्या निगेटिव्हमध्ये ग्रेन जास्त दिसतो, म्हणून एकीची कमी आणि दुसरीची जास्त एक्स्पोज झालेली फ्रेम शेजारी ठेवली तर निकाल आधीच ठरलेला असतो. शार्पनिंग पूर्ण बंद ठेवा. कमी रेझोल्यूशनचा स्कॅनर खऱ्यापेक्षा जाड ग्रेन दाखवतो. ३५ मिमी आणि १२० ची (मीडियम फॉरमॅटची) फिल्म एका तुलनेत नको.

स्लाइड आणि निगेटिव्ह एकाच मापानं जोखता येतील का?

नाही. त्यांची कामंच वेगळी आहेत.

लांब एक्स्पोजर आणि पुश यांचीही चाचणी घ्यावी का?

ज्यांना लागतं त्यांच्यासाठी अवश्य. फुजीच्याच माहितीपत्रकांनुसार प्रोव्हिया १००एफला १२८ सेकंदांपर्यंत काहीच दुरुस्ती लागत नाही. व्हेल्व्हिया ५० ला ४ सेकंदांनाच थोडा जादा प्रकाश आणि मॅजेंटा फिल्टर लागतो, आणि ६४ सेकंद तर करूच नका असं म्हटलं आहे. रात्रीचे फोटो काढणाऱ्याला रंगांच्या वर्णनापेक्षा हा फरक जास्त मोलाचा. पुशबद्दल एवढंच लक्षात ठेवा: जास्त वेळ धुतल्यानं कॉन्ट्रास्ट वाढतो, सावल्यांत न पोचलेला प्रकाश परत येत नाही. पुश केलेल्या फ्रेमशेजारी तितकीच कमी एक्स्पोज केलेली पण नेहमीसारखी धुतलेली फ्रेम ठेवा, फायदा किती ते समोर दिसेल.

सिनेमाची फिल्म कॅमेऱ्यात घालून काढलेल्या फोटोंचं काय?

कोडॅक व्हिजन३ सारख्या फिल्म ईसीएन-२ या सिनेमा निगेटिव्हच्या प्रक्रियेसाठी बनतात: ४१.१ अंश, ३ मिनिटं, आणि डेव्हलपिंगचं मूळ रसायनही सी-४१ पेक्षा वेगळं. ती सी-४१ मध्ये धुतली की कॉन्ट्रास्ट वाढतो, क्रॉसओव्हरही येऊ शकतो. तो निकाल आवडू शकतो, पण तो त्या फिल्मचा गुण किंवा दोष म्हणून लिहू नये. सिनेस्टिल ८००टी ही व्हिजन३ ५००टी वर आधारलेली, पण रेमजेट हा मागचा काळा थर नसलेली फिल्म आहे. दिव्यांभोवती दिसणारं लाल वलय त्या थराच्या अभावामुळे येतं. ती ३२०० केल्विनच्या प्रकाशासाठी आहे. उन्हात ८५बी हा केशरी फिल्टर न लावता काढलेल्या फोटोंवरून तिला 'निळी' म्हणणं बरोबर नाही.

मुदत संपलेल्या फिल्मचं परीक्षण लिहावं का?

त्या रोलची गोष्ट म्हणून लिहावं, फिल्मचं परीक्षण म्हणून नाही. 'दर दशकाला एक स्टॉप जास्त' हा ठोकताळा आहे. रोल कुठल्या तापमानात राहिला यावर सगळं अवलंबून असतं.

कंपनीनं फुकट फिल्म पाठवली तर?

घ्यायला हरकत नाही. परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात तसं लिहा. लिखाण छापण्याआधी मंजुरीसाठी पाठवू नका. तांत्रिक माहिती तपासून हवी असेल तर तेवढाच प्रश्न विचारा. शक्य असल्यास एक रोल स्वतः बाजारातून घ्या आणि पाठवलेल्या रोलशी ताडून पाहा.

हीच फिल्म दुसऱ्या नावानं विकली जाते असा संशय आला तर दोन्ही शेजारी तपासा आणि 'आमच्या चाचणीत फरक दिसला नाही' इतकंच लिहा. कारखान्यात काय घडतं हे निगेटिव्हवरून सिद्ध होत नाही.

निकाल पाहताना माझ्या आवडीनिवडीचं काय करू?

नावं झाका. दुसऱ्या कुणाला तरी फ्रेमना अ, ब, क अशी अक्षरं द्यायला सांगा आणि निरीक्षणं लिहून झाल्यावरच अक्षरं उघडा. महागडी फिल्म कुठली हे माहीत असताना ती जास्त छान दिसते. हे सगळ्यांचं होतं. आणखी दोन-तीन जणांना, त्यांत फिल्म न वापरणारं कुणी असेल तर फारच बरं, तेच फोटो दाखवा. आवड लिहायला बंदी नाही, फक्त ती निरीक्षणानंतर यावी. 'आकाशाचा निळा पोर्ट्रापेक्षा सायनकडे झुकतो, मला तो आवडला' या वाक्यात वाचकाला दोन्ही मिळतं. 'रंग स्वप्नाळू' यात काहीच मिळत नाही.

परीक्षणात कोणते तपशील द्यायलाच हवेत?

फिल्मचं पूर्ण नाव, फॉरमॅट, इमल्शन क्रमांक, मुदत, साठवण, कॅमेरा आणि लेन्स, प्रकाश, कोणत्या आयएसओला एक्स्पोज केली, कुठली प्रक्रिया, घरी की लॅबमध्ये, स्कॅन कशानं आणि नंतर काय बदललं, तुलनेची फिल्म कोणती. आणि फसलेल्या फ्रेम. निवडक सुंदर फोटो दाखवले की परीक्षण नाही, जाहिरात होते.

जुनी परीक्षणं किती विश्वासानं वाचावी?

तारीख पाहून. २०१० मध्ये पोर्ट्रा ४०० नव्यानं आली तेव्हा तिनं ४००एनसी आणि ४००व्हीसी या आधीच्या दोन्ही पोर्ट्रांची जागा घेतली. त्यांच्याबद्दल लिहिलेलं हिला लागू नाही. एक्टाक्रोम बंद करत असल्याची घोषणा २०१२ मध्ये झाली आणि ई१०० आली २०१८ मध्ये. कोडाक्रोमचं उत्पादन २००९ मध्ये थांबवल्याचं जाहीर झालं आणि तिची के-१४ प्रक्रिया करणाऱ्या शेवटच्या लॅबनं ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं थांबवलं. तिचे रंग आता जुन्या स्लाइडवरच पाहायचे. नव्यानं चाचणी घेणं शक्य नाही.

माझे निकाल इतरांपेक्षा अगदी वेगळे आले तर?

आधी ओळखीच्या फिल्मच्या फ्रेम पाहा. त्या नेहमीसारख्या असतील तर आपला निकाल आहे तसा छापा, आणि कोरा भाग व करडी चौकट दिसतील अशा न बदललेल्या फाइलही सोबत द्या. समोरच्याशी बोलणं होत असेल तर याहून चांगला मार्ग आहे: एकाच बॅचचे दोन रोल एकाच दिवशी, एकाच तक्त्यावर एक्स्पोज करा, एक तुमच्या लॅबमध्ये धुवा, एक त्यांच्या. मग निगेटिव्हची अदलाबदल करून दोघांनी दोन्ही स्कॅन करा. चार निकाल हाती येतात आणि फरक धुण्यात आहे की स्कॅनमध्ये, ते त्यांतून वेगळं काढता येतं. धुणं आणि स्कॅन दोन्ही जुळले तर मूळ फरक बॅचचा असू शकतो, आणि तेव्हा खोक्यावरून टिपून ठेवलेला इमल्शन क्रमांक कामी येतो.